त्या बंगल्यातही एकदा उतरा

प्रति,
‘डॉक्टर हू’ मालिकेची लेखक-निर्माती मंडळी,
बीबीसी, कार्डिफ

शेफील्ड, १३ नोव्हेंबर २०१८

स. न. वि. वि.

परवा रविवारी तुमचा ‘डीमन्स ऑफ द पंजाब’ हा १९४७ च्या फाळणीवरचा भाग लेकीबरोबर पाहिला. त्यानंतर दोन रात्रपाळ्या झाल्या, आणि दोन्ही रात्री वॉर्डातले दिवे मंद केल्यावर मी मनातल्या मनात तुमच्याशीच बोलत होते. ते आता लिहून काढते.

पत्र मराठीत आहे. तुमच्यापैकी कुणाला ते वाचता येणार नाही, कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल, त्याबद्दल क्षमा करा. पण फाळणी मला पहिल्यांदा मराठीतच ऐकू आली. तीही सिंधी वळणाच्या, मोडक्यातोडक्या मराठीत. त्याबद्दल दुसऱ्या भाषेत लिहायला बसले तर हात अडतो.

मी विठ्ठलवाडीची. कल्याणच्या पुढचं स्टेशन, आणि लागूनच उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धात तिथे लष्कराची छावणी होती. १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या जवळजवळ लाखभर निर्वासितांना तिथल्या बराकींत जागा दिली गेली, आणि १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. आजही तिथे पत्ता सांगताना लोक ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर चार’ असंच म्हणतात. त्या बराकींत तरुणपण काढलेली एक अम्मा पुढे आमच्या शेजारी राहायला आली. पापड लाटून विकायची. मे महिन्यात गच्चीवर पापड वाळत घालायचे आणि कावळे हाकायचे, हे आम्हा मुलांचं काम. फाळणीबद्दल ती काही म्हणजे काही बोलायची नाही. फक्त एक गोष्ट सोडून. कुणी विचारलेलं नसायचं, लाटता लाटता मध्येच तिचं लाटणं थांबायचं. सिंधमधल्या शिकारपूरचं घर सोडलं तेव्हा परसात म्हैस बांधलेली होती. निघायच्या गडबडीत तिचं दावं सोडायचं राहून गेलं. “कोनी सोडली असेल का गं तिला?” हे ती माझ्या आईला विचारायची, मला विचारायची, एकदा तर रद्दीवाल्यालाही विचारलं होतं. मग पुन्हा लाटायला लागायची.

तुमच्या भागात उम्ब्रीन नानी वाढदिवसाच्या दिवशी एक बंद पडलेलं घड्याळ आपल्या नातीच्या, डॉक्टरबरोबर फिरणाऱ्या यॅझच्या हातात ठेवते, हे कधीही दुरुस्त करायचं नाही म्हणते आणि पुढे एक अक्षर बोलत नाही. तिथेच मला अम्मा दिसली. नातीने कितीही खोदून विचारलं तरी ज्या बाया बोलत नाहीत त्यांचं ते गप्प राहणं तुम्ही पहिल्या पाच मिनिटांत नेमकं पकडलंत.

मी तुमची नवी प्रेक्षक नाही. २००५ साली नर्स म्हणून इंग्लंडला आले, आणि त्याच वर्षी ही मालिका इतक्या वर्षांच्या खंडानंतर परत सुरू झाली. तुमचा डॉक्टर म्हणजे काळातून फिरणारा, अधूनमधून नवं रूप घेणारा परग्रहवासी; त्यातला ख्रिस्तोफर एकल्स्टनचा डॉक्टर उत्तर इंग्लंडच्या बोलीत बोलायचा, माझे पेशंट बोलायचे तसा. वॉर्डात जे कानाला अगम्य वाटायचं ते शनिवारी संध्याकाळी त्याच्या तोंडून ऐकून ऐकून ओळखीचं झालं. म्हणजे शेफील्डचं इंग्रजी मी एका परग्रहवासीयाकडून शिकले. आता तेरावी डॉक्टर, जोडी व्हिटेकर, स्वतः यॉर्कशायरची आहे, शेफील्डमध्येच आकाशातून पडली आणि तिच्याबरोबर प्रवास करणारी यास्मिन खान, म्हणजेच यॅझ, शेफील्डची पोलीस. माझी अकरा वर्षांची लेक यॅझचं घर दिसलं की ओरडते, “आई, पार्क हिल!” स्वतःच्या शहरातली, स्वतःच्या रंगाची मुलगी टार्डिसमध्ये, डॉक्टरच्या त्या कालयानात, चढताना बघणं म्हणजे काय असतं, हे मला तिच्या चेहऱ्यावर दर रविवारी दिसतं.

आणि परवा ती टार्डिस ऑगस्ट १९४७ च्या पंजाबात उतरली. पंचावन्न वर्षांनी! १९६३ साली या मालिकेची पहिली कथा दिग्दर्शित करणारे वारिस हुसेन लखनऊला जन्मलेले, तेव्हा अवघे चोवीस वर्षांचे. मालिकेच्या जन्मालाच हिंदुस्थानात जन्मलेल्या माणसाचा हात लागला होता, तरी अख्खं कथानक भारताच्या मातीत घडायला इतकी वर्षं लागली. विनय पटेल यांनी ते लिहिलं याचा मला मनापासून आनंद आहे.

आता त्या भागाबद्दल. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपली नानी तरुणपणी कशी होती हे बघायला यॅझ मागे जाते, आणि तिथे नानीचं लग्न भलत्याशीच ठरलेलं असतं, प्रेम नावाच्या हिंदू तरुणाशी. तो महायुद्ध लढून परतलेला जवान आहे. त्याचा थोरला भाऊ सिंगापूरच्या लढाईत गेलेला. धाकटा मनीष घरीच आहे, पण डोक्यात भलतंच वारं शिरलेलं. लग्न लावायला निघालेला साधू वाटेत मरून पडलेला सापडतो आणि त्याच्या प्रेताशी दोन अक्राळविक्राळ परग्रहवासी उभे दिसतात. ते थिजेरियन. विश्वातले सर्वांत निष्णात मारेकरी म्हणून डॉक्टरला त्यांची ख्याती माहीत असते. आपणही धरून चालतो की खलनायक सापडला.

आणि मग कळतं की ते मारायला आलेलेच नाहीत. ते कामगिरीवर दूर असताना त्यांचा ग्रह नष्ट झाला, आणि आपल्या माणसांच्या मरणाच्या वेळी आपण तिथे नव्हतो, या एका सलापायी त्यांनी जुना धंदा सोडला. आता ते काळातून फिरतात आणि ज्यांच्या मरणाला कोणी साक्षी नाही अशांपाशी जाऊन उभे राहतात. बस, एवढंच करतात. साधूला गोळी घातलेली असते मनीषने. त्या गावातला राक्षस आकाशातून आलेला नव्हता, तो त्याच घरात लहानाचा मोठा झाला होता.

वॉर्डातल्या एका तरुण सहकाऱ्याने हा भाग पाहून सोमवारी तक्रार केली, “पण डॉक्टरने या वेळी काहीच केलं नाही!” मी त्याला त्याच रात्री बारा नंबरच्या खाटेकडे घेऊन गेले. माझा वॉर्ड वृद्धांचा आहे. ज्यांना भेटायला कुणी येत नाही अशी माणसं पहाटे तीन-साडेतीनला जातात. औषध संपलेलं असतं, डॉक्टर येऊन गेलेले असतात, करण्यासारखं काही उरलेलं नसतं. तेव्हा आम्ही खुर्ची ओढून बसतो आणि हात हातात धरतो. बारा नंबरच्या आजोबांपाशी तो मुलगा काल चाळीस मिनिटं बसला. नंतर त्याने तक्रारीचा विषय काढला नाही. मी तेरा वर्षं हे काम करते आहे आणि त्याला काय म्हणायचं ते मला कधी सुचलं नव्हतं. तुमच्या थिजेरियनांनी ते सांगितलं, त्यासाठी मी तुमची ऋणी आहे.

कालप्रवासाच्या गोष्टीला एक मोह कायम असतो, मागे जाऊन नीट करून टाकण्याचा. तुमच्या मालिकेने त्याला फार लवकर उत्तर दिलं होतं. १९६४ च्या ‘द अॅझटेक्स’मध्ये डॉक्टरची सहप्रवासी बार्बरा नरबळी थांबवू पाहते आणि पहिला डॉक्टर तिला बजावतो की इतिहासाची एक ओळदेखील बदलता येणार नाही. २००५ च्या ‘फादर्स डे’मध्ये दुसरी एक सहप्रवासी, रोझ, बापाला वाचवते आणि सगळं जगच उसवायला लागतं. परवाच्या भागाने त्याच्या पुढे पाऊल टाकलं. डॉक्टरने स्वतः त्या दोघांचं लग्न लावलं, प्रेम आज मरणार हे ठाऊक असताना लावलं. ती लग्न लावताना जे बोलते ते ऐकताना मला तिच्या हातांकडे बघवत नव्हतं. तो वाचला तर यॅझ जन्मालाच येणार नाही, हे गणित आहेच. पण मला वाटतं खरी गोष्ट त्या गणितापलीकडची होती. चौघं पाठ फिरवून चालू लागतात, मागे गोळीचा आवाज होतो आणि कोणी वळून बघत नाही. वळायची गरज नव्हती, कारण प्रेमपाशी कोणीतरी उभं होतं.

माझ्या लेकीने त्या क्षणी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले.

आदल्या रात्रीचा मेंदीचा प्रसंगही राहून राहून आठवतो. बायकांच्या घोळक्यात डॉक्टर हात पुढे करून बसते, पुरुष असताना हे कधी वाट्याला आलं नाही म्हणून हरखते. मरणाच्या गोष्टीत हसू आणायला धीर लागतो. शेवटी संगीतकार सेगुन अकिनोलांनी नेहमीची शीर्षकधून बदलून आपल्याकडच्या आलापीत आणली, तेव्हा मी रिमोट हातातच धरून उभी होते. १९६३ पासूनची ती धून इतकी मऊ झालेली मी कधी ऐकली नव्हती.

एक बारकी गोष्ट सांगून टाकते. चित्रीकरण स्पेनमध्ये ग्रानादाच्या बाजूला झालं, ते दिसतं. पंजाबचं रान सपाट असतं, नजर जाईल तिथवर. ऑगस्टात ते हिरवंगार असायला हवं होतं. तुमच्या क्षितिजावर डोंगर आहेत आणि गवत वाळलेलं आहे. खर्चाच्या अडचणी मला कळतात, त्याचा मी बाऊ करत नाही.

पण दुसरी गोष्ट बारीक नाही, आणि हे पत्र खरं तर तिच्यासाठीच आहे.

भाग संपल्यावर लेकीने विचारलं, “आई, पण ती रेघ काढली कुणी?”

तिला शाळेत रोमन, व्हायकिंग आणि ट्यूडर राजे शिकवून झाले आहेत. महायुद्धात लंडनहून खेड्यात पाठवलेल्या मुलांची तर तिने नाटुकलीही केली. फाळणी हा शब्द तिने शाळेत ऐकलेला नाही. तुमच्या पन्नास मिनिटांत रेघ होती, त्या रेघेवर लग्न होतं, तिच्यापायी भाऊ भावावर उलटला होता. राज्यकर्त्यांची आठवण जी काही निघते ती बोलण्यात. पडद्यावर त्यांचा एकही माणूस दिसत नाही. लहान मुलाच्या मनात उरतं ते एवढंच की त्या लोकांचं एके दिवशी एकाएकी डोकं फिरलं.

मी तिला जेवताना सांगितलं. सिरिल रॅडक्लिफ नावाचे लंडनचे मोठे वकील होते. त्यांनी हिंदुस्थान आधी कधीही पाहिलेला नव्हता. ८ जुलै १९४७ ला ते दिल्लीत उतरले आणि त्यांना पंजाब आणि बंगाल, दोन्ही प्रांत कापायला जेमतेम पाच आठवडे मिळाले. प्रत्येक प्रांताच्या आयोगावर चार हिंदुस्थानी न्यायाधीश होते, दोन काँग्रेसच्या बाजूचे, दोन लीगच्या. ते दोन-दोन असेच फुटायचे, त्यामुळे निर्णय एकट्या रॅडक्लिफांच्या हाती आला. लाहोरच्या सुनावण्यांना ते बसले नाहीत, कागद त्यांच्याकडे पोचवले जायचे. व्हाइसरॉयच्या आवारातल्या एका बंगल्यात, त्या उकाड्यात, नकाशे आणि जुनी जनगणना समोर घेऊन ते रेघ ओढत बसले. रेघ तयार झाल्यावरही ती दाबून ठेवली गेली. १४ आणि १५ ऑगस्टचे सोहळे पार पडले आणि मग १७ ऑगस्टला ती जाहीर झाली. म्हणजे सीमेवरच्या कित्येक गावांनी झेंडे फडकवले तेव्हा आपण कुठल्या देशात आहोत हे त्यांना माहीत नव्हतं. तुमच्या उम्ब्रीनचं लग्न नेमकं त्याच दिवसांतलं आहे. तुम्हाला हे सगळं ठाऊक होतं, तारीख तुम्ही उगाच निवडलेली नाही.

आम्हा मराठी लोकांना यातलं एक नाव फार ओळखीचं आहे. पंजाबच्या आयोगावरच्या त्या चार न्यायाधीशांपैकी एक मेहरचंद महाजन. पुढे ते भारताचे सरन्यायाधीश झाले, आणि १९६६ साली महाराष्ट्र-म्हैसूर सीमावादासाठी एकसदस्य आयोग नेमला तो त्यांचाच. बेळगाव म्हैसूरकडेच राहावं असं त्यांनी सुचवलं, महाराष्ट्राने ते मानलं नाही, आणि तो वाद आजही न्यायालयात आहे. बेळगावची माझी मावशी ‘महाजन’ हा शब्द कसा उच्चारते ते मी लहानपणापासून ऐकत आले. पंजाबच्या रक्ताशी त्याची तुलना होऊच शकत नाही. पण नकाशावरची रेघ माणसाच्या घरात उतरते म्हणजे काय, याची निदान चुणूक आमच्याही घरात आहे.

परवाच्याच सकाळी आम्ही बार्कर्स पूलच्या युद्धस्मारकापाशी गेलो होतो. पहिलं महायुद्ध थांबलं त्याला त्या दिवशी शंभर वर्षं झाली. अकरा वाजता सगळं शहर दोन मिनिटं स्तब्ध झालं, लेकीच्या कोटावर युद्धात पडलेल्यांच्या आठवणीचं, पॉपीचं लाल फूल होतं. मला माणगावच्या यशवंत घाडगेंची आठवण झाली. मराठा रेजिमेंटचे ते नाईक बावीसाव्या वर्षी, १९४४ च्या जुलैत, इटलीत धारातीर्थी पडले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्यासाठी स्मारक आहे, शांतता आहे, फूल आहे. त्याच संध्याकाळी तुम्ही आम्हाला तो प्रेम नावाचा जवान दाखवलात. तोही त्याच सैन्यातून लढला, पण युद्धातून जिवंत परतला आणि स्वतःच्या शेतात मेला. त्याच्यासाठी कुठलं फूल नाही. स्मरणाच्या रविवारी हा भाग दाखवायचा हे ज्याने ठरवलं असेल त्याला माझा नमस्कार सांगा.

फाळणीत घर सोडावं लागलेली माणसं सव्वा ते दीड कोटी. मेली किती? कुणी दोन लाख म्हणतं, कुणी दहा, कुणी वीस. त्या दोन लाख आणि वीस लाख यांच्यामधल्या माणसांची कुणी नोंदच केली नाही, कुणी पाहिलंच नाही. थिजेरियन उभे राहतात ते त्यांच्यापाशी. शेवटी त्यांच्या त्या यानात प्रेमचा चेहरा इतर असंख्य चेहऱ्यांमध्ये तरंगत वर जातो, तेव्हा मी त्यात शिकारपूर शोधत होते.

मरणाऱ्यांना तुम्ही साक्षीदार दिलेत. पण दिल्लीच्या त्या बंगल्यात साक्षीदार कोण होतं? रॅडक्लिफांनी काम संपल्यावर आपले कागद जाळून टाकले. ठरलेली चाळीस हजार रुपयांची फी घेतली नाही, आणि पुन्हा कधी भारतात पाऊल ठेवलं नाही. इथे गाव का गेलं, तिथे नदीपाशी रेघ का वळली, कुठल्या दुपारी कुणाचं ऐकून पेन्सिल सरकली, हे इतिहासकारांना पुराव्यांच्या कडेकडेने हुडकावं लागतं. त्या खोलीत जाता येईल असं वाहन जगात एकच आहे आणि ते तुमच्याकडे आहे.

म्हणून विनंती आहे. यॅझला एकदा त्या खोलीत न्या. पंजाबची गोष्ट अर्धी झाली आहे, दुसरा अर्धा भाग जुलै आणि ऑगस्टच्या त्या पाच आठवड्यांत त्या टेबलाशी आहे. रॅडक्लिफांना राक्षस करू नका. घामेजलेला, पोट बिघडलेला, आपल्याला काय करायला लावलं आहे हे हळूहळू उमगत गेलेला माणूस दाखवा, आणि त्याला घाई करणारेही दाखवा. डॉक्टरने त्याचा हात धरू नये. रेघ बदलू नये. फक्त यॅझने टेबलाच्या पलीकडे उभं राहावं, आपल्या नानीचं गाव नकाशावर कुठे आहे ते शोधावं आणि पेन्सिल तिथे येईपर्यंत बघत राहावं. लिहायला विनय पटेलच असावेत.

आणि त्या वेळी वाट सिंधवरून काढता आली तर बघा. सिंधमध्ये रेघ आखलीच नाही, अख्खा प्रांत पलीकडे गेला, म्हणून त्याची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. लोक कराचीहून बोटीत बसले आणि मुंबईला उतरले. शिकारपूरला एका घराच्या परसात म्हैस दाव्याला बांधलेली असेल. घरात कुणी नसेल. डॉक्टरला दोन मिनिटं थांबायला सांगा. त्याने इतिहासाची एकही ओळ बदलणार नाही.

लेकीने तिचा एक कागद पाकिटात घातला आहे. यॅझचं चित्र आहे, मेंदी जरा जास्त झाली आहे.

आपली,
शेफील्डची एक नर्स, मूळची विठ्ठलवाडीची